सीटवरची बारदान्याची घडी

पुंडलिककाकांच्या मिलिंदचा फोन आला तेव्हा मी शाळेत खिचडीची चव घेत होते. पोरांना वाढायच्या आधी बाईंनी चाखून पाहायची, असा नियमच आहे. तोंडात गरम घास, आणि पलीकडून हा काही बोलेचना. "अरे बोल ना," मी जरा चिडूनच म्हटलं. "ताई, बाबा गेले. शेजारच्यांचा फोन आला. खुर्चीतच होते म्हणे... मी नागपूरहून निघून राहिलो, पण तुम्ही आधी पोहोचाल. जा ना ताई." तो घास मी गिळला की थुंकला, आता आठवत नाही. गाडी काढली. शाळेपासून आमचं बाभुळगाव चौदा किलोमीटर. दोन दिवसांची झड लागलेली, रस्त्यावर ट्रॅक्टरांनी आणून टाकलेला काळ्या मातीचा चिखल. नाल्याजवळच्या वळणावर गाडी हलकेच घसरली आणि माझा पाय आपसूक ब्रेकपासून लांब राहिला, नजर वळणाच्या पुढे गेली, गाडी सावरली. हे ज्या माणसानं शिकवलं त्याच्याच मैताला मी निघाले होते. पुढे बाभळीखाली गाडी उभी करून दोन मिनिटं रडले आणि मग गावात गेले.

पुंडलिककाका आमच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरात राहायचे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत जीपवर ड्रायव्हर म्हणून केली. एवढे उंच, की आमच्याकडे येताना दाराच्या चौकटीला मान वाकवावी लागायची, आणि तरी महिन्यातून एकदा टाळकं आपटायचंच. काकू लवकर गेल्या. मुलगा मिलिंद नागपूरला नोकरीला. रिटायर झाल्यावर काकांनी एक जुनी पांढरी गाडी लिलावात घेतली होती. पूर्वी मोठ्या साहेबांना असायची तसली, जाड पत्र्याची, मागच्या चाकांवर चालणारी. मागच्या चाकांवर म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? गाडीला चार चाकं असतात आणि ती फिरतात, एवढंच माझं ज्ञान. काकांनी अंगणात मला हातठेला दाखवला. "आजकालच्या गाड्या पुढून वढतात, बैलावानी. हे माही म्हातारी मांगून ढकलते, या ठेल्यावानी. ठेला जोरात ढकलला अन् हात जरासा तिरपा पडला, का काय होते?" मी म्हटलं, "ठेला फिरतो." म्हणाले, "मंग झालं. अर्धी ड्रायव्हिंग आली तुले."

मी गाडी शिकायला निघाले त्याचं कारण साधं होतं. माझी बदली आतल्या गावात झाली. पावसाळ्यात त्या रस्त्यावर स्कूटी चालवणं म्हणजे तेल लावलेल्या परातीवर नाचणं. दोनदा पडले. दुसऱ्यांदा मनगट गळ्यात बांधून घरी आले, तेव्हा आमच्या ह्यांनी जुनी का होईना, पण कार घेऊ असं ठरवलं. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. आम्ही इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतो. माणूस वाईट नव्हे, पण शब्दाचा पक्का. मला समोर बसवून म्हणाले, "शिक. पण एक खरचट जरी कुठी आली, तं त्या दिवसापासून स्टेअरिंगले हात लावाचा नाही. मंग बदली होवो का नोकरी जावो." आणि ते बोलले म्हणजे तसंच होणार, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक. त्याच संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "शिकवतो मी इले. रस्त्यावर नाही, आधी जिनिंगात."

कापसाचा हंगाम संपला की आमच्याकडच्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकीचं बी वेगळं करायच्या गिरण्या, बंद पडतात. गावाबाहेरच्या जिनिंगचं सिमेंटचं पटांगण होळीनंतर दसऱ्यापर्यंत मोकळंच असतं. मालक काकांच्या ओळखीचा, चौकीदार झोपाळू. होळी झाली तशी दर रविवारी सकाळी आम्ही तिथे जायचो. पहिले तीन-चार रविवार क्लच, गिअर, रिव्हर्स, सगळं लोक शिकतात तसंच. माझी उंची बेताची, त्या गाडीच्या बोनेटपलीकडचं मला काही दिसेना. काकांनी जिनिंगातलाच एक बारदाना, रिकामं पोतं, उचलला, झटकला, चार घड्या घालून सीटवर ठेवला. "बस आता म्हाराणीवानी." तेव्हापासून ती घडी माझी. मी उतरले की काका ती काढून मागच्या सीटवर टाकायचे, कारण तिच्यावर बसले तर त्यांचं डोकं टपाला लागायचं.

मग एका रविवारी त्यांनी माझ्या हातात खराटा दिला. कोपऱ्याकोपऱ्यात सांडलेली सरकी झाडून आणायला लावली. मी म्हटलं, काका, मी गाडी शिकायला आले की कामाला? काकांनी पटांगणाच्या मधोमध एक रिकामा ड्रम ठेवला, त्याच्याभोवती गोल ती सरकी पसरली. आगीसाठी भरून ठेवलेल्या हौदातून बादल्या काढून वर पाणी मारलं. मग शेजारी बसून म्हणाले, "ड्रमभोवती फिरव. अन् आता दाब एक्सलेटर." दाबला, आणि आई गं... गाडीचा मागचा भाग मला सोडून भलतीकडेच निघाला. मी किंचाळले, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, गाडी गर्रकन फिरून जिकडून आलो तिकडे तोंड करून बंद पडली. काका खो खो हसत होते. "ब्रेक म्हंजे देव हाय काय वं? भेली का पडली पाया!"

त्या गोलात मी पाच-सहा रविवार काढले. मागचा भाग डावीकडे सुटला तर स्टेअरिंगही डावीकडे, उजवीकडे सुटला तर उजवीकडे. ब्रेकला हात जोडायचे. एक्सलेटर एकदम सोडायचा नाही, हळूच कमी करायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नजर. "कुठी पाह्यतं तू?" काका ओरडायचे. "भितीकडे? मंग गाडी भितीकडेच जाईन. हात डोळ्याच्या मांगं जातात. जिथं जाचं हाय तिथं पाह्य!" भिंतीला ते भितच म्हणायचे. मध्येच विचारायचे, "मांगचं चाक कुठी हाय तुह्यं?" आधी मी मान वळवून बघायची. मग एके दिवशी न बघता कळायला लागलं. मागचं चाक धरून आहे, की सुटायच्या बेतात आहे, ते बसल्या जागी कंबरेत कळतं. त्या दिवशी मी गाडी तिरपी धरून ड्रमभोवती पाऊण फेरी मारली. ना फिरली, ना बंद पडली. मला पंख फुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन मोबाईलवर शोधलं, तर याला ड्रिफ्ट म्हणतात म्हणे. परदेशातली पोरं धूर काढत गाड्या आडव्या चालवतायत. संध्याकाळी काकांना नेऊन दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी तीनदा पाहिलं. "हात चांगला हाय पोट्ट्याचा," म्हणाले. "पण हे शौकानं करून राह्यले. मी भेऊन शिकलो."

भीतीची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. नोकरीची सुरुवातीची वर्षं. साहेबाला घेऊन फुलसावंगीकडे दौऱ्यावर गेले होते. वाटेत पाऊस, काळ्या मातीचा रस्ता, जीप मागून सुटली. "अन् मी काय केलं असन? पडलो पाया!" ब्रेक दाबला, जीप फिरून नाल्यात, साहेबाचा हात मोडला. काकांची नोकरी जायची ती वेळ. पण साहेबानं दुसऱ्या हातानं रिपोर्ट लिहिला, की म्हैस आडवी आली. "म्हैस कुठची! दोन कोसात शेपूट नव्हतं." काका हसत होते, पण डोळ्यांत पाणी होतं. "त्या म्हशीनं माही नोकरी वाचवली. मंग दर रविवारी मी एकटाच पडीत वावरात जीप घसरवत बसो. लोक म्हणत, पुंडलिक येडा झाला."

आता जे सांगायचं आहे ते सांगते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, ते याच्या भीतीनंच.

मे महिना संपत आला होता. पाऊण फेरीची पूर्ण फेरी काही होत नव्हती. काकांनी बजावलं होतं, "एकटी जाजो नोको. तुले घमंड आधी आली, हात मांगून येईन." ते मला झोंबलं. म्हटलं, पूर्ण फेरी जमवते आणि मग यांनाच दाखवते. एका दुपारी, काका आत झोपलेले असताना, मी त्यांच्या ओसरीतल्या खिळ्यावरची किल्ली काढली. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जिनिंगचा चौकीदार घोरत होता. घाईत मी ड्रम मधोमध न ठेवता होता तिथेच राहू दिला, कंपाउंडच्या भिंतीच्या जवळ. सरकी टाकली, पाणी मारलं, बारदान्याच्या घडीवर बसले आणि उजवीकडून गोल घेतला. पहिला अर्धा गोल असा सुरेख निघाला म्हणून सांगू! मग भिंत दिसली. दिसली की तिच्यावरून नजर हलेना. मागची डावी बाजू सरळ जाऊन भिंतीवर आदळली. विटा पडल्या, मडगार्ड आत गेला, दार चेपलं. मला काही म्हणजे काही लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर किती वेळा वाटलं.

गाडी कशीबशी आणून लावली तर काका ओसरीत उभे. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "लागलं काय तुले?" मी मान हलवली. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता बोलणार. तर एवढंच म्हणाले, "भितीकडे पाह्यत होती नं?" मी रडत सुटले. मामाजी, नोकरी, बदली, सगळं एका दमात बोलून टाकलं. काकांनी ऐकून घेतलं, माझ्या हातातली किल्ली खिशात टाकली, मग दार उघडून बारदान्याची घडी ड्रायव्हर सीटवरून उचलली आणि मागे फेकली. "म्हैस आडवी आली," म्हणाले. "जाय, तोंड धू अन् चहा ठेव."

मिलिंद त्याच दिवशी दोन दिवसांच्या सुटीवर यायचा होता. चहा उकळत होता तेव्हाच तो आला. "बाबा, हे काय?" काका शांतपणे म्हणाले, "माह्या हातून झालं. जिनिंगात गेलतो, अंदाज चुकला." मिलिंद पांढराफटक पडला. एकटा राहणारा बाप, सत्तरीला टेकलेला... त्याचंही काही चुकलं नाही. "बस झालं आता," तो म्हणाला. "उद्या रस्त्यावर कोणाला लागलं तर? तुम्हालाच काही झालं तर? द्या ती किल्ली." काकांना हे येईल असं वाटलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी. काकांनी माझ्याकडे पाहून अगदी बारीक मान हलवली. बोलू नको म्हणून. आणि मी बोलले नाही. त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं म्हणून मी गप्प राहिले, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला गप्पच राहायचं होतं. काकांनी खिशातून किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली, कप उचलला आणि म्हणाले, "साखर कमी पडली वं."

भिंतीच्या विटा काकांनी स्वतः थापी घेऊन बसवल्या. गावात बोभाटा झाला, पुंडलिक ड्रायव्हरनं गाडी भिंतीवर घातली. ज्या माणसानं आयुष्यभर पावसाळ्यात साहेब सुखरूप पोहोचवले, त्याला पानठेल्यावरची उपटसुंभ पोरं 'भिंततोडे काका' म्हणायला लागली. मिलिंद नागपूरला किल्ली घेऊन गेला, म्हणजे गाडीला कुलूपही घालायचं राहिलं. काका तिच्यावर ताडपत्री टाकायचे, रविवारी काढायचे, आतबाहेर पुसायचे, परत टाकायचे. मी मनाशी म्हणायची, सांगते मिलिंदला दोन दिवसांत. आधी माझं लायसन होऊ दे. मग आमची गाडी घरी येऊ दे. मग पावसाळा जाऊ दे. मग मामाजींचं ऑपरेशन होऊ दे. गाडी आली, लायसन आलं, मामाजी माझ्या शेजारी बसून कळंबच्या चिंतामणीला जाऊन आले आणि येताना म्हणाले, "सूनबाई झ्याक चालवते." एवढं सगळं होऊनही माझे दोन दिवस काही झाले नाहीत. आणि लाज अशी, की काकांकडे जाणं मी कमी केलं. आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. त्यांच्या घरावरून जाताना मी हॉर्न वाजवायची. तेवढंच.

मागच्या पावसाळ्यात शाळेच्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, मी बाजूला घेतली आणि गाडी घसरत नाल्याकडे निघाली. मागे दोन मॅडम बसलेल्या, दोघी किंचाळल्या. मी पाय उचलला, रस्त्याकडे पाहिलं, आणली परत. हे सांगायला मात्र मी धावत काकांकडे गेले. काका खुर्चीत सरसावून बसले. "पाय?" "काढला." "नजर?" "रस्त्यावर." "अन् मांगचं चाक?" "माहीत होतं काका, कुठे आहे ते." त्यांनी मांडीवर थाप मारली. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर काकू गेल्यापासून पाहिला नव्हता. मिलिंद तिथेच होता. हसत म्हणाला, "दुसऱ्याला एवढं चांगलं शिकवता बाबा, आणि स्वतः मात्र सरळ भिंतीवर!" काका हसले. आणि मी... मीही हसले. त्या हसण्याची मला आज किळस येते. सांगायची यापेक्षा चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी निघाले तेव्हा काका फाटकापर्यंत आले. म्हणाले, "येत जाय वं. रविवारी मोकळाच असतो मी." मी हो म्हटलं. नंतर दोनदाच गेले.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली, तेव्हा मिलिंद मला बाजूला घेऊन गेला. किल्ली हातात होती. "ताई, गाडी तुम्ही न्या. मला ती भंगारात द्यायला जीव होत नाही. बाबांनी जीव लावून शिकवलेलं माणूस तुम्हीच." आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि थांबला. सीटवर बारदान्याची घडी होती. चार घड्या, कडा नीट जुळवलेल्या, धूळ नाही. "हे काय? बाबांचं डोकं तर असंच टपाला लागायचं. हे इथे कशाला?" त्या दुपारी काकांनी मागे फेकलेली ती घडी कधीतरी उचलून परत माझ्या जागी ठेवली होती, आणि दर रविवारी गाडी पुसताना झटकून पुन्हा ठेवत होते. माझ्या रविवारांसाठी. आणि मी हॉर्न वाजवून जात होते.

"ते माझं आहे," मी म्हटलं. आणि मग तिथेच, ताडपत्रीचं एक टोक हातात धरून, सगळं सांगितलं. किल्ली, ड्रम, भिंत, म्हैस. मिलिंदनं शेवटी विचारलं, "बाबांनी तुम्हाला कधी म्हटलं नाही, की सांग म्हणून?" मी म्हटलं, नाही. त्यानं चेपलेल्या दारावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तीन वर्षं मी त्यायले खुर्चीत बसवून ठेवलं, ताई. अन् वर हसलो." मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. त्यातलं अर्धं त्याच्या डोक्यावर ठेवून आले. काका जिवंत असताना सांगितलं असतं, तर मामाजी चार दिवस ओरडले असते, मिलिंद चिडला असता, आणि काकांनी गाडी काढली असती. एवढंच झालं असतं. किल्ली माझ्या हातात देऊन मिलिंद आत पंगतीकडे गेला. हा लेख छापायचा का, हे मी त्याला फोनवर विचारलं. "छापा," म्हणाला. "गावानं वाचलं पाहिजे, भिंत कोणी तोडली ते." फोन ठेवताना त्यानं नेहमीसारखं 'ताई' म्हटलं नाही.

गाडी आता आमच्या अंगणात आहे. चेपलेलं दार मी तसंच ठेवलं आहे. मामाजींनी एकदा भोवती फिरून पाहिलं, त्यांना सगळं सांगून झालं आहे. मग आत जाऊन टीव्ही लावला. रविवारी ताडपत्री काढते, पुसते, बारदाना झटकते, त्यावर बसते. जिनिंगात अजून गेलेले नाही. पाय वळत नाहीत. चालू मात्र करते, इंजिन गरम होईपर्यंत बसून राहते, आणि डाव्या बाजूची रिकामी सीट मला काकांनी त्या दिवशी विचारलं होतं तेच विचारते. हो काका, भितीकडेच पाहत होते. त्या दुपारी, आणि नंतर तीन वर्षं.